बाटली हुंगणाऱ्या स्वेटरबाई

आमच्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात एक बाई बाराही महिने स्वेटर घालून काम करतात. बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत असो, बाईंच्या अंगात तोच राखाडी, दोन खिशांचा स्वेटर. त्यांच्या पुढ्यातल्या यंत्राच्या पोटात उणे वीस अंशांची थंडी असते. शरीराचा तुकडा त्यात गोठवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, हे त्यांचं काम. दिवसभर हात त्या थंडीत, म्हणून अंगात स्वेटर, म्हणून नाव स्वेटरबाई. तोंडावर हाक मारली तरी ओ देतात.

मी दातांची डॉक्टर. माझा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे आहे. वीस वर्षं मी त्या तळघरात तुकडे पाठवत आले आणि त्यातली अठरा वर्षं मला स्वेटरबाईंचा राग यायचा. माझा राग तसा स्वस्त आहे, कोणालाही मिळतो. पण बाईंवरचा खास होता, कारण त्या माझे फॉर्म परत पाठवायच्या. एखादा रकाना रिकामा राहिला, की फॉर्म परत. अक्षर लागलं नाही, की फॉर्म परत. त्यात त्यांची एक खोड होती. बाटली आली की आधी झाकण उघडायचं आणि हुंगायचं, मग चिठ्ठी वाचायची. हे कुठल्याही नियमात बसत नाही आणि तब्येतीलाही बरं नाही. एका बड्या सर्जननं त्यांना विचारलं होतं, "काय बाई, अत्तराचं दुकान काढायचं राहून गेलं वाटतं?" बाई म्हणाल्या, "काढलं असतं साहेब, पण तुम्ही पाठवलेल्या वासाला गिऱ्हाईक कुठून आणू?"

घरीही तेच. दूध हुंगल्याशिवाय गॅसवर चढत नाही. नवरा छापखान्यात आहे, स्वभावानं गमत्या. तो म्हणतो, "हिनं सगळं हुंगून घेतलं, फक्त मला तेवढं न हुंगता पदरात घेतलं." बाईंनी बारावीनंतर लॅबचा डिप्लोमा केला आणि तीन महिन्यांच्या बदलीवर म्हणून इथे लागल्या. त्याला सव्वीस वर्षं झाली. रिपोर्टवर त्यांची सही नसते, ती मोठ्या डॉक्टरांची असते. पेशंटला तर त्या आहेत हेसुद्धा माहीत नसतं.

आता रफूकाकांची गोष्ट सांगते, म्हणजे माझा राग कसा उतरला ते कळेल. ती सांगताना माझीच अब्रू जाणार आहे, पण इलाज नाही.

रफूकाका साठीचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत कपडे रफू करून देतात. सिगारेटनं जळलेला कोट त्यांच्याकडे द्यावा आणि चार दिवसांनी भोक कुठे होतं ते आपणच शोधत बसावं, असा हात. त्यांच्या हिरड्या सोलवटल्यासारख्या लाल व्हायच्या, सालपटं निघायची, मधूनच फोड येऊन फुटायचा. मी दोन वर्षं त्यांच्यावर उपचार केले. दात साफ केले, मऊ ब्रश दिला, चार प्रकारची चूळ भरायची औषधं बदलली. तिखट बंद केलं, गरम बंद केलं, शेवटी रफूकाका म्हणाले, "डॉक्टरबाई, आता फक्त जेवण बंद करायचं राहिलंय." रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला प्रकार चालला होता. पण हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटायचं, काका नीट ब्रश करत नाहीत.

शेवटी मी एक तुकडा काढून पाठवला. जिथे सगळ्यात लाल होतं, बरोबर तिथूनच काढला आणि नेहमीप्रमाणे, तो सडू नये म्हणून, फॉर्मालिनच्या बाटलीत टाकला. दुसऱ्या दिवशी तळघरातून फोन आला.

"डॉक्टर, स्वेटरबाई बोलतेय. तुमच्या तुकड्याला साल नाही."

"म्हणजे?"

"वरचा थरच नाही. तो आधीच गळून गेलाय, तुम्ही खालची जमीन खणून पाठवलीत. यातून काय रोग आहे ते कळणार नाही, असं मोठे डॉक्टर लिहितायत. आणि फॉर्मवर डोळ्यांचा रकाना रिकामा आहे."

"बाई, मी दातांची डॉक्टर आहे."

"हो, पण त्या माणसाला डोळे असतील ना?"

मी फोन आपटला. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणजे काय ते त्या दिवशी मी पुरेपूर अनुभवलं. तरी तो रकाना डोक्यात राहिला. संध्याकाळी रफूकाका सुनेबरोबर आले तेव्हा जरा तुसडेपणानंच विचारलं, "डोळ्यांना काही त्रास?"

"वाळू गेल्यासारखं खुपतं खरं," काका म्हणाले. "दुकानदाराकडून थेंब आणतो. पण तुम्ही दातांच्या, तुम्हाला कशाला सांगायचं?"

सून म्हणाली, "हल्ली सुईत दोरा मीच ओवून देते. बाबा म्हणतात, उजेड कमी झालाय. तीन दिवे लावलेत आता."

मी काकांची डावी खालची पापणी बोटानं ओढली. पापणीची आतली बाजू आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्यामध्ये एक बारीक, पांढुरका पडदा ताणला गेला. पापणी डोळ्याला चिकटायला लागली होती. दोन वर्षं मी या माणसाच्या तोंडावर दिवा धरून उभी होते. डोळे त्या दिव्यापासून चार बोटांवर होते. मला लाज वाटली. थोडीबिडी नाही, चांगलीच वाटली.

हा रोग मी पुस्तकात वाचलेला होता. पेम्फिगॉइड म्हणतात. तोंड, डोळे, नाक, घसा यांच्या आतून जी नाजूक ओली त्वचा असते, ती खालच्या थराला जणू खळीनं चिकटवलेली असते. या रोगात शरीराचे पहारेकरी त्या खळीलाच चोर समजतात आणि तिच्यावर तुटून पडतात. खळी सुटते, त्वचा उचलली जाते, फोड येतो. तोंडातला फोड बरा होतो. डोळ्यातला बरा होताना व्रण ठेवून जातो, आणि व्रणावर व्रण साठत गेले की माणूस आंधळा होतो.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "तुम्ही म्हणता तेच असावं. पण याला जी जबर औषधं लागतात, ती शरीराची सगळी राखणच खाली बसवतात. यांना तरुणपणी क्षय होऊन गेलाय, तो परत उठला तर जिवावर बेतेल. नुसत्या अंदाजावर मी ती सुरू करणार नाही. डोळ्यातून तुकडा काढायचा तर व्रण आणखी चिघळेल. मला तोंडातून पुरावा आणून द्या. आणि लवकर. डावा डोळा महिनाभरसुद्धा थांबेल की नाही, सांगता येत नाही."

म्हणजे एका माणसाचे दोन्ही डोळे आणि हातातली कला, सगळं माझ्या हातून निघणाऱ्या मसुराएवढ्या तुकड्यावर येऊन ठेपलं. ही तपासणी वेगळी असते. तुकडा गोठवून कापायचा आणि त्यावर असं रसायन घालायचं की शरीराचे ते पहारेकरी जिथे बसलेत तिथे हिरवा उजेड दिसावा. त्यासाठी तुकडा ताजा लागतो. फॉर्मालिन लागलं, की ते पहारेकरी ओळखूच येत नाहीत. एवढं मला माहीत होतं. म्हणून या वेळी मी फोडाच्या बाजूची चांगली दिसणारी जागा निवडली, तुकडा काढला आणि सलाइनमध्ये टाकला. बाटली मी स्वतः तीन वेळा धुतली होती. माणसाच्या हाती ती पाठवली आणि शाबासकीच्या फोनची वाट बघत बसले.

फोन आला. "डॉक्टर, हा तुकडा मी यंत्रावर चालवणार नाही."

आता मात्र मी रस्ता ओलांडून थेट तळघरात उतरले. दाराला धक्का देऊन आत गेले आणि तोंड सोडलं. तुम्ही स्वतःला कोण समजता, एका माणसाचे डोळे चाललेत, आणि तुम्हाला नखरे सुचतायत, वगैरे. जे बोलले ते सगळं लिहीत नाही. बाईंनी हात कोरडे केले, यंत्राचं झाकण लावलं आणि माझी बाटली माझ्या नाकासमोर धरली.

"घ्या वास."

घेतला. अगदी पुसट, पण होता. फॉर्मालिनचा.

"बाटली जुनी आहे," बाई म्हणाल्या. "आधी फॉर्मालिनची होती, तुम्ही धुऊन घेतलीत. होय ना? सगळेच तसं करतात. कितीही धुवा, झाकणातल्या चकतीत ते मुरलेलं असतं."

"पण चालवून तर बघा! नाहीच दिसलं तर नाही म्हणून लिहा!"

"तेच तर लिहायचं नाहीये मला." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी चालवला तर काही दिसणार नाही. 'आढळलं नाही' असा कागद जाईल. डोळ्यांचे डॉक्टर तो वाचतील आणि म्हणतील, चला, तो रोग नाही. मग कोणी परत शोधणार नाही. उत्तर नसलेलं परवडतं डॉक्टर, माणूस शोधत तरी राहतो. खोटं 'नाही' परवडत नाही."

मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "इथे लागून मला दीड वर्ष झालं होतं. अशीच एक बाटली आली. मला वास आला. तेव्हाचे वरिष्ठ म्हणाले, चालव, वासावरून कामं थांबत नसतात. चालवला. काही दिसलं नाही, तसा कागद गेला. तुकडा एका शाळेतल्या बाईंचा होता. चार वर्षांनी मी वर दाखल्यांच्या खिडकीपाशी उभी होते, माझ्या रजेच्या कागदासाठी. खिडकीतून नाव पुकारलं गेलं. नाव मी विसरले नव्हते. अंधत्वाच्या दाखल्याच्या रांगेत होत्या त्या. सही कुठे करायची ते त्यांना कळेना. मी त्यांचं बोट धरून कागदावर जागा दाखवली. त्यांनी माझे आभार मानले."

मला वाईट वाटलं आणि माझीच मला शरम वाटली. मी त्यांची माफी मागितली. आयुष्यात मी फार कमी लोकांची माफी मागितली आहे, त्यामुळे ती जरा ओबडधोबडच झाली. बाईंनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"परत तुकडा काढावा लागेल," मी म्हटलं. "आता कुठल्या तोंडानं सांगू काकांना?"

"ज्या तोंडानं मला शिव्या दिल्यात, त्याच," बाई म्हणाल्या. "उद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी येते. बाटली माझी."

दुसऱ्या दिवशी बाई खरंच आल्या. हातात बर्फ भरलेला थर्मास, त्यात कोरी बाटली. बाहेर कडकडीत ऊन होतं आणि अंगात स्वेटर, त्यामुळे माझी सहायक बघतच राहिली. मी रफूकाकांना आणि त्यांच्या सुनेला सगळं खरं सांगितलं. पहिला तुकडा चुकीच्या जागेचा होता आणि दुसरा चुकीच्या बाटलीत गेला, दोन्ही चुका माझ्या. काका म्हणाले, "कापड एकच आहे डॉक्टरबाई. जपून कापा."

हिरडीवरून काढू या, असं मी म्हणत होते. बाईंनी हळूच मान हलवली. "तिथली साल नुसत्या चिमट्यानंही निघून येईल. गालाच्या आतून घ्या. फोड आहे त्याच्यापासून जरा दूर, जिथे काहीच झालेलं दिसत नाही तिथून."

"जिथे काही झालं नाही तिथून? मग रोग कुठे सापडायचा?" सून बोलून गेली.

"चोर पळून गेल्यावर फुटलेल्या घरात शोधून काय मिळणार?" बाई म्हणाल्या. "शेजारच्या धडक्या घरात बघायचं. तिथे तो अजून बसलेला असतो."

मी तुकडा काढला. चिमट्यानं न दाबता, फक्त कडेला उचलून. बाईंनी बाटली पुढे केली, तुकडा आत पडला, झाकण लागलं आणि बाई वळून चालायलाही लागल्या. मी गालाला दोन टाके घातले. काकांनी आरसा मागितला, जीभ बाजूला करून नीट पाहिलं आणि बोबड्या तोंडानं म्हणाले, "दुसरा टाका कच्चा आहे." मी तो उसवून परत घातला. काय करणार, शेरास सव्वाशेर.

त्या दुपारी मी पुढचे पेशंट पुढे ढकलले आणि तळघरात जाऊन बसले. बाईंनी तुकडा गोठवला, पात्याखालून एक-एक काप सोडवून ब्रशच्या टोकानं काचेवर घेतला. त्यांचा हात बघून मला रफूकाकांचा हात आठवला. घाई नाही आणि थांबणंही नाही. रसायनं घातली, घड्याळ लावलं, धुतलं. मग दिवा बंद केला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले. मी त्यांच्या मागे उभी.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"थांबा."

त्यांनी काच काढली, दुसरी लावली. ती ज्याला हा रोग नाही अशा माणसाची होती, तिथे अंधारच असायला हवा. अंधारच होता. तिसरी लावली, ज्यात रोग नक्की आहे हे माहीत होतं ती. ती उजळली. म्हणजे रसायनही ठीक होतं. मग परत काकांची लावली आणि उठून मला जागा दिली.

काळ्या अंधारात एक हिरवी रेघ होती. बारीक, सलग, वरच्या त्वचेच्या अगदी तळाशी, जिथे खळी असते तिथेच. शंकेला जागाच नव्हती.

"ही आहे," स्वेटरबाई म्हणाल्या. "आता लिहू देत मोठ्या डॉक्टरांना."

मोठ्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी सही केली. तिसऱ्या दिवशी छातीचे फोटो आणि रक्ताच्या तपासण्या आटोपून, क्षय परत उठू नये म्हणून एका औषधाचं कुंपण घालून, डोळ्यांच्या डॉक्टरांनी उपचार सुरू केले. लगेच जादू झाली असं नाही. दोन महिने काका फार अशक्त झाले, औषधांनी चेहरा सुजला, सुनेनं त्यांना दुकानात जाऊ दिलं नाही म्हणून घरात धुसफूस झाली. पण चौथ्या महिन्यात हिरड्या शांत झाल्या, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला फोन करून सांगितलं, "थांबलंय. दोन्हीकडे."

वर्षानं रफूकाका माझ्याकडे आले. नवा सदरा, नीट विंचरलेले केस. म्हणाले, "दात दाखवायला नाही आलो. ज्यांनी माझा रोग ओळखला त्या बाईंना भेटायचंय."

"रोग मी पण ओळखलाच की थोडासा," मी म्हटलं.

"तुमच्या दोन चुका झाल्या," काका म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत."

मी त्यांना तळघरात नेलं. बाईंची अशी तारांबळ उडालेली मी कधी बघितली नव्हती. पेशंटला बसवायचं कुठे हेच त्यांना सुचेना. खोलीत एकच स्टूल होतं आणि ते त्यांचं होतं. शेवटी काकांना त्यावर बसवून बाई स्वतः टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. काकांच्या तुकड्याचा उरलेला कण त्यांनी खोल थंडीत जपून ठेवला होता. तो काढला, नवा काप घेतला, सगळं परत केलं. आम्ही दोघं बघत होतो. तासा-दीड तासानं दिवा मालवून त्या म्हणाल्या, "या काका. बघा तुमचं."

काकांनी डोळे लावले.

"ही रेघ?"

"हो."

"हीच मला आंधळा करत होती?"

"हो."

"दिसायला बाकी सुरेख आहे, मेली," काका म्हणाले. "इतकी सरळ ओळ मला चाळीस वर्षांत जमली नाही."

बाई जरा पुढे झाल्या. "काका, उजवा डोळा मिटा. नुसत्या डाव्यानं बघा. दिसते?"

काकांनी उजव्यावर तळवा ठेवला. मी त्यांच्याकडे बघत नव्हते, बाईंकडे बघत होते. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"जराशी पुसट," काका म्हणाले. "पण दिसते. या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते."

सव्वीस वर्षांत बाईंनी हजारो काचा पाहिल्या. ज्याची काच त्यानंच येऊन पाहिली, असा माणूस त्या खोलीत आजवर आला नव्हता. स्वेटरबाई तशाच टेबलाला धरून हुंदके देऊन रडायला लागल्या, आणि खरं सांगते, मीही रडले. काकांनी काही डोळे काढले नाहीत. तळवा उजव्या डोळ्यावर तसाच ठेवून ते म्हणाले, "बाई, जरा हळू रडा. रेघ हलतेय."